काकांचं फेवर-ल्युबा बिवॉक : अस्सल आहे का, आणि किंमत काय धरावी?

शहाद्याची_लेक

नमस्कार मंडळी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आले आहे. मोठ्या काकांचं एक मनगटी घड्याळ काकूंनी माझ्या हाती दिलं. फेवर-ल्युबा कंपनीचं आहे, तबकडीवर 'बिवॉक' असं नाव आहे. स्टीलची केस, काळी तबकडी, भोवती मीटरचे आकडे असलेली फिरणारी कडी. तास-मिनिटांच्या काट्यांशिवाय एक लांब तांबडा काटा आहे. चावी दिली की घड्याळ चालतं, पण तांबडा काटा जागचा हलत नाही.

काका पाटबंधारे खात्यात सर्व्हेला होते. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी या भागात त्यांनी नोकरीची बरीच वर्षं काढली. काकूंकडे त्यांचा एक जुना फोटो आहे, त्यात मनगटावर हेच घड्याळ असावं असं वाटतं.

जळगावला एका दुकानात दाखवलं. दुकानदार म्हणाले, तांबडा काटा बिघडलाय, तबकडी डागाळली आहे, नवीन रंगवून आणि पॉलिश मारून देतो, किंवा आहे तसं पंधरा हजारांना घेतो. काकू म्हणाल्या, थांब, आधी चौकशी कर. म्हणून इथे विचारते आहे. फोटो जोडले आहेत.

भुसावळ_जंक्शन

ताई, घड्याळ परत घरी आणलंत ना? दुकानात ठेवून आला असाल तर आजच्या आज घेऊन या.

तांबडा काटा बिघडलेला आहे असं इतक्यात म्हणता येणार नाही. तो वेळ दाखवतच नाही, तो उंची दाखवतो. बिवॉक १९६२ साली आलं. आत हवेचा दाब ओळखणारी एक बंद पोकळ डबी असते, त्यावरून उंची सांगणारं हे पहिलं यांत्रिक मनगटी घड्याळ. ३००० मीटरपर्यंतची उंची मोजायची सोय होती. १९६४ मध्ये वॉल्टर बोनाटी आणि मिशेल वोशे यांनी आल्प्समधल्या ग्रांद जोरासच्या उत्तर कड्यावर जी चढाई केली, तिच्यात हेच घड्याळ त्यांच्याबरोबर होतं.

डबीचं काम सोपं आहे. उंचावर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, डबी किंचित फुगते, तिच्या हालचालीने तांबडा काटा पुढे सरकतो. खाली उतरलं की डबी पुन्हा दबते. चावीचा याच्याशी काही संबंध नाही. जळगावातल्या टेबलावर ठेवून तो काटा फिरण्याची वाट बघितली तर तो कशाला फिरेल?

आणि सर्व्हेच्या माणसाकडे बिवॉक असणं मला अगदी पटतं. फेवर-ल्युबाचा भारताशी धंदा १८६५ पासूनचा. मुंबईत त्यांचं ऑफिस होतं. आपल्याकडे त्यांची सी चीफ, सी किंग ही मॉडेलं घरोघरी होती. बिवॉक मात्र क्वचित दिसतं.

तापीकाठ

ताई, इकू नको. पैसा भेटतीन, पन हाई घड्याय परत भेटाव नही.

घड्याळजी_अमळनेर

आमच्या घरात तीन पिढ्या घड्याळाचंच काम. प्रताप मिलच्या भोंग्यावर गाव चालायचं तेव्हापासून आजोबांची टपरी होती. फोटो मोठे करून पाहिले. जे दिसलं ते सांगतो.

तबकडी रंगवलेली नाही, असं माझं मत. कारणं अशी. अक्षरांच्या कडा धारदार आहेत. हाताने किंवा साध्या छाप्याने पुन्हा छापलेल्या तबकडीत अक्षरं जाड होतात, 'ए' आणि 'ई'च्या आतल्या मोकळ्या जागा शाईने भरतात. मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जिथल्या तिथे जुळतात. सहाच्या खाली काठाला 'स्विस'ची बारीक ओळ आहे आणि काचेच्या कडेखाली अर्धवट झाकली जात नाही. रंगवणारे हीच ओळ हमखास विसरतात किंवा वर सरकवतात. आणि खुणांवरचा, अंधारात चमकण्यासाठी भरलेला मसाला पिवळसर बदामी झाला आहे, काट्यांवरचाही साधारण त्याच छटेचा आहे. तबकडी जुनी आणि काट्यांचा मसाला पांढरा फटक असं असतं तर मी लगेच शंका घेतली असती.

डाग आहेत ते दमटपणाचे. एखादं गिऱ्हाईक म्हणेल घाण दिसते. मी म्हणेन हात लावू नका.

एक विनंती : रात्री अंधारात टॉर्चचा उजेड अर्धा मिनिट तबकडीवर मारा, मग टॉर्च बंद करून बघा. मसाला लख्ख हिरवा चमकून बराच वेळ तसाच राहिला तर तो नंतर भरलेला. त्या काळातला मूळ मसाला आता मेलेला असतो, फार तर क्षणभर मिणमिणतो.

रेडिओलॉजी_धुळे

यात थोडी भर घालतो, कारण हा तब्येतीचा प्रश्न आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चमकणाऱ्या मसाल्यात रेडियम असायचं, पुढे ट्रिटियम आलं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेव्हाच्या ट्रिटियमचा जोर आज जवळजवळ संपला आहे. ट्रिटियमच्या तबकडीवर बहुतेकदा खालच्या काठाला 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना 'टी' अक्षर असतं. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं. त्याच्यातली चमकणारी पूड जळून गेलेली असते, म्हणून ते चमकत नाही, पण रेडियम जसंच्या तसं तिथेच असतं.

काच बंद असलेलं घड्याळ कधीमधी हातात घालायला हरकत नाही. पण काच काढून मसाला खरवडणं, फुंकर मारणं, ब्रशने झाडणं हे घरात कुणीही करू नये. ती धूळ पोटात किंवा छातीत जाणं वाईट. दुरुस्तीला देतानाही घड्याळजींना आधी सांगा. अमळनेरच्या दादांनाही माझी हीच विनंती.

शहाद्याची_लेक

टॉर्चने बघितलं. काहीच चमकत नाही. खालच्या काठाला भिंगातून बघितलं, 'टी' दिसत नाही, म्हणजे रेडियम धरूनच वागते. लहान मुलं घरात आहेत, घड्याळ डबीत घालून वर ठेवलं आहे.

पण मग एक शंका. तबकडीवर डाग असताना ती रंगवून घेतली तर किंमत वाढणार नाही का? दुकानदार तर हेच म्हणत होते.

जुनी_टिकटिक

नाही ताई, किंमत निम्म्याहून खाली येईल. हा एकच मुद्दा मी जितक्या लोकांना समजावला असेल तितका दुसरा कुठलाच नाही.

आपल्याकडे ही सवय पडली त्याला कारण आहे. सुटे भाग मिळायचे नाहीत, आणि घड्याळ हे रोज वापरायचं साधन होतं. तबकडी काळवंडली की मुंबईला पाठवायची, रंगवून यायची, लग्नात जावयाला द्यायची. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. पुढे जुन्या घड्याळांना बाहेरून मागणी आली आणि तीच कारागिरी फसवणुकीच्या कामाला लागली. आज इंटरनेटवर लाल, नारिंगी, मोरपिशी तबकड्यांची एचएमटी आणि फेवर-ल्युबा ढिगाने दिसतात. कंपनीने असे रंग कधी काढलेच नव्हते. परदेशातले संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि भारतातून आलेल्या प्रत्येक घड्याळाकडे त्याच संशयाने बघतात. आपल्या चांगल्या घड्याळांचीही किंमत त्यामुळे पडते, याचं मला फार वाईट वाटतं.

एचएमटीच्या 'पायलट' मॉडेलचं बघा. एचएमटीने बंगळूरला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं करायला सुरुवात केली. सुरुवातीच्या तबकड्यांवर एचएमटीबरोबर सिटिझनचंही नाव होतं. २०१६ मध्ये एचएमटीच्या घड्याळांचं काम बंद करायचा निर्णय झाला आणि लोकांना एकदम ओढ लागली. त्यानंतर त्यांच्याच 'जनता' मॉडेलच्या साध्या मशीनवर काळी तबकडी बसवून 'पायलट' म्हणून किती विकली गेली! खऱ्या पायलटपेक्षा अशी बनावट पायलट बाजारात जास्त असतील असं मला कधी कधी वाटतं.

तुमचं घड्याळ कुणी उघडून, रंगवून, घासून ठेवलेलं नाही, हीच त्याची श्रीमंती आहे. केसच्या पायांच्या (जिथे पट्टा बसतो त्या) कडा फोटोत अजून टोकदार आहेत. बफिंगच्या चाकावर एकदा धरलं की त्या गोल होतात, आणि गेलेलं स्टील परत येत नाही.

घड्याळजी_अमळनेर

टिकटिक दादांशी मी नव्वद टक्के सहमत. एवढंच म्हणेन की प्रत्येक रंगवलेली तबकडी म्हणजे पाप नाही. माझ्याकडे एक शेतकरी येतात, वडिलांचं सी चीफ आहे, तबकडी पार गंजलेली होती, त्यांना ते रोज घालायचं होतं. रंगवून दिलं. आता ते विकायला निघाले तर रंगवलंय हे सांगून विकावं, इतकंच. लपवाछपवी झाली की मग वाईट.

सराफ_गल्ली_जळगाव

सोन्याच्या घड्याळांबद्दल थोडं सांगतो. ताईंचं स्टीलचं आहे, तरी इथे वाचणाऱ्या कुणाच्या तरी कपाटात सोन्याचं असेल. जुन्या स्विस १८ कॅरेटच्या केसवर ०.७५० आकडा आणि बाईच्या चेहऱ्याचा बारीक छाप असतो, १४ कॅरेटवर ०.५८५ आणि खारीचा छाप. १९९५ नंतर छाप बदलून सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. 'प्लाके २० मायक्रॉन' लिहिलं असेल तर तो सोन्याचा मुलामा, केस सोन्याची नव्हे.

आमच्याकडे लोक घड्याळ आणतात आणि केस वितळवून पैसे मागतात. मी आधी आतलं मशीन आणि तबकडी बघायला सांगतो. सोन्याच्या वजनाच्या भावापेक्षा आख्ख्या घड्याळाची किंमत कितीतरी जास्त भरते, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मोड म्हणून देण्याआधी दोन ठिकाणी विचारा.

जुनी_टिकटिक

मूळ प्रश्नाकडे येतो. बाहेरून अस्सल वाटलं तरी आतलं बघितल्याशिवाय मत पक्कं करू नये. अमळनेरच्या दादांनी मागचं झाकण उघडलं तर दोन गोष्टी बघाव्यात. मशीनच्या पुलावर (चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर) फेवर-ल्युबाचं नाव आणि कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा, आकडा आहे का. बिवॉकमध्ये कंपनीच्या स्वतःच्या २५० मालिकेतलं, दोन बॅरलचं (बॅरल म्हणजे चावीची स्प्रिंग ठेवलेला डबा) हातचावीचं मशीन अपेक्षित आहे. एका बॅरलऐवजी दोन बॅरल असल्याने चावीचा जोर शेवटपर्यंत एकसारखा राहतो. दुसरं, दाबाची डबी. ती मूळ जागी, न फुटलेली, न डागलेली (सोल्डर न केलेली) हवी. डबीच्या जागी रिकामी पोकळी आणि वर नुसता दाखवायला तांबडा काटा, असं झालं तर बिवॉक म्हणून त्याला अर्थ उरत नाही.

सगळे भाग खरे पण वेगवेगळ्या घड्याळांतून गोळा केलेले, हीसुद्धा मोठी भानगड असते. आणि इथे मोठमोठे फसतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनीव्हाला फिलिप्स या लिलावघराच्या लिलावात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर, २९१५-१ नंबरचं, ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. विकत कुणी घेतलं? खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये उघड झालं की ते वेगवेगळे भाग जुळवून बनवलेलं होतं, आणि कंपनीने स्वतःच त्यात आपल्या माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचं सांगितलं. कागद, नंबर, तज्ज्ञ सगळं असताना हे झालं. म्हणून मी एका पुराव्यावर कधीच थांबत नाही.

भुसावळ_जंक्शन

बिवॉकच्या बाबतीत आपल्याला एक पुरावा असा मिळू शकतो जो बाकी घड्याळांना मिळत नाही. ताई शहाद्याला आहेत, आणि शहाद्याच्या डोक्यावर तोरणमाळ आहे!

ताई, असं करा. सकाळी निघण्याआधी कडी फिरवून शून्य तांबड्या काट्यासमोर आणा. मग म्हसावद, राणीपूर करत घाट चढा. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे, शहाद्यापासूनचा चढ हजारेक मीटरचा. आपल्या पातळीला दर आठ-नऊ मीटरला दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाबाचं माप) उतरतो, म्हणजे घाट चढेपर्यंत शंभरच्या वर हेक्टोपास्कलचा फरक. डबी जिवंत असेल तर काटा बसून राहणार नाही. वाटेत दोन-तीन ठिकाणी थांबून फोटो काढा, मोबाईलवरची उंची शेजारी ठेवा.

घरी बसूनही एक छोटी परीक्षा होते. आपल्या उष्ण प्रदेशात हवेचा दाब रोज भरती-ओहोटीसारखा वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास सर्वात जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वात कमी, फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. उंचीच्या हिशेबात हे तीसेक मीटर झाले. काटा निरोगी असेल तर दहाला आणि चारला काढलेल्या फोटोंत बारीक फरक दिसेल.

कृपा करून कुणी घड्याळ कुकरमध्ये किंवा पंप लावून तपासू नका. डबी फाटली तर ती परत मिळणं महामुश्कील.

शहाद्याची_लेक

घरातली परीक्षा आज केली. दहाला आणि चारला फोटो काढले. फरक फार थोडा, पण आहे! काकूंनाही दाखवला. उद्या तोरणमाळला निघतोय, काकूही येणार म्हणतात.

पक्की_खात्री

फोटो नीट सांभाळून काढा. डोळा काट्याच्या बरोबर वर हवा. तिरक्या फोटोत काटा पन्नास मीटर इकडचा तिकडे दिसतो.

शहाद्याची_लेक

जाऊन आलो. सविस्तर लिहिते.

सकाळी नऊच्या आत शून्य लावून निघालो. राणीपूरपर्यंत काटा थोडाच सरकला. सातपायरीचा घाट सुरू झाला आणि प्रत्येक वळणाला तो पुढे गेलेला दिसायला लागला. वर यशवंत तलावाच्या काठी थांबलो तेव्हा काटा ९०० ते ९५० च्या मध्ये होता. मोबाईल मात्र हजाराच्या आसपासचा चढ दाखवत होता.

दुपारी चारच्या पुढे शहाद्याला परत आलो तर काटा शून्यावर पूर्ण आला नाही, जरा पुढेच राहिला. म्हणजे बिघाड आहे का?

भुसावळ_जंक्शन

ताई, बिघाड? उलट यापेक्षा चांगलं उत्तर मिळालंच नसतं. दोन्ही गोष्टींचा हिशेब लागतो.

पहिली गोष्ट, वर आकडा कमी का आला. असली उंचीमापक यंत्रं प्रमाण हवा धरून आखतात, म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश तापमान. आपल्याकडे आखाजीचं ऊन. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे तेवढाच चढ चढला तरी दाब कमी प्रमाणात उतरतो आणि यंत्र उंची कमी दाखवतं. खाली चाळिशीचं आणि वर तिशीचं तापमान धरलं तर साधारण आठ टक्के तूट येते. हजार मीटरला ९२० च्या आसपास. तुमचा काटा नेमका तिथेच होता.

दुसरी गोष्ट, परतल्यावर पुढे का राहिला. तुम्ही निघालात तेव्हा दाब दिवसातल्या वरच्या टोकाजवळ, परत आलात तेव्हा खालच्या टोकाला. तीसेक मीटर त्यातच गेले. शिवाय अशा डब्या उतरताना थोड्या मागे रेंगाळतात, रात्रभरात जागेवर येतात. उद्या सकाळी दहाला पुन्हा बघा.

साठ वर्षांचं यंत्र इतकं खरं बोलतंय. मला मनापासून आनंद झाला.

शहाद्याची_लेक

सकाळी दहाला बघितलं. शून्यावर आहे.

घड्याळजी_अमळनेर

परवा ताई आणि त्यांचे भाऊ घड्याळ घेऊन आले होते. त्यांच्या परवानगीने लिहितो. मागचं झाकण उघडलं, तबकडीला हात लावला नाही. मशीनवर फेवर-ल्युबाचं नाव आहे, दोन बॅरल आहेत, स्क्रूंच्या खाचा ओरबाडलेल्या नाहीत, म्हणजे फार हात लागलेले नाहीत. तेल पूर्ण सुकलं आहे. आपल्याकडचा उन्हाळा बघता ते होणारच. डबी शाबूत आहे, कुठे सोल्डरचा डाग दिलेला नाही. चावीचं डोकं मात्र नंतर बदललेलं आहे, त्यावर कंपनीची खूण नाही. काच मूळची असावी, ओरखडे बरेच आहेत.

माझं मत : अस्सल बिवॉक, चावी सोडून बाकी सगळं एकत्र राहिलेलं. सर्व्हिसिंगशिवाय रोज चालवू नये, सुकलेल्या तेलावर दांडे झिजतात. पण हे काम मी घेतलं नाही. मशीन मी करीन, डबीची जोडणी मी आजवर केलेली नाही, आणि रेडियमची तबकडी उतरवायची म्हणजे तशी सोय हवी. मुंबईत किंवा बाहेर, आधी बिवॉक उघडलेल्या माणसाकडेच द्या, आणि लेखी सांगा की तबकडी, काटे, केस यांना पॉलिश किंवा रंग नको, काढलेला प्रत्येक भाग परत हवा.

जुनी_टिकटिक

आता किमतीचं. पंधरा हजार ही या घड्याळाची किंमत नव्हे, हे तर झालंच. बाहेर चांगल्या स्थितीतली बिवॉक लाखाच्या पुढे जातात. नेमका आकडा मी फोटोवरून सांगणार नाही, पण काढायचा कसा ते सांगतो. विक्रेत्याने लावलेली किंमत बघू नका, ती कुणीही कितीही लावतो. लिलावघरांच्या संकेतस्थळांवर विक्री झालेल्या घड्याळांचे आकडे असतात, ते बघा, त्यातून लिलावघराचा हिस्सा वजा करा. मग आपल्यासारख्याच अवस्थेतलं शोधा : डबी चालू, तबकडी मूळची पण डागाळलेली, चावी बदललेली. चावीने थोडी किंमत कमी होते, ती मूळची मिळाली तर भरूनही निघते. डबी बंद असती तर मात्र मोठा फटका होता, आणि तोरणमाळच्या फोटोंनी तुमची ती बाजू भक्कम केली आहे.

काकांचा फोटो मोठा करून स्कॅन करा. मनगटावरची कडी ओळखू आली तर मागे वर्ष, गाव, नाव लिहून काकूंची सही घ्या. सर्व्हेच्या माणसाने सातपुड्यात कामासाठी वापरलेलं बिवॉक, पहिल्या मालकाच्या घरातून, फोटोसकट. संग्राहक याला निराळी किंमत देतो.

पक्की_खात्री

बाहेर विकायचं झालं तर पुरावस्तू कायद्याची अडचण येईल का?

जुनी_टिकटिक

१९७२ च्या कायद्यात अशा वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे. हे १९६२ नंतरचं. त्या कायद्यात येत नाही. कस्टमची कागदपत्रं मात्र नीट करावी लागतील.

शहाद्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काकूंशी बोलले. विकायचं नाही असं त्यांनीच ठरवलं, फोटोच्या मागे सही मात्र लगेच केली. फोटो मोठा केल्यावर कडीचे आकडे स्पष्ट दिसले. मागे काकांच्या अक्षरात 'मोलगी कॅम्प' लिहिलेलं आधीच होतं.

आता माझे दोन प्रश्न उरले. एक, घरच्या विम्यात असं घड्याळ वेगळं नोंदवायला मूल्यांकनाचा दाखला कुणाचा चालतो? दोन, कंपनीची खूण असलेली जुनी चावी कुणाकडे असेल तर कळवा. मापासाठी सध्याच्या चावीचा फोटो टाकते.

सराफ_गल्ली_जळगाव

विम्यासाठी कंपनीलाच आधी विचारा, कुणाचं मूल्यांकन घेतात ते त्यांची यादी सांगते. दाखल्यात केसचा नंबर, मशीनचा नंबर, चावी बदललेली आहे ही नोंद आणि फोटो हवेतच.

घड्याळजी_अमळनेर

आजोबांच्या डब्यात फेवर-ल्युबाच्या काही जुन्या चाव्या आहेत. नुसता फोटो पुरणार नाही ताई, दांड्याच्या आट्यांचं माप लागेल. पुढच्या वेळी अमळनेरला याल तेव्हा घड्याळ घेऊन या, बसवून बघू. बसली तर आत्ताची चावीसुद्धा पुडीत घालून घड्याळाबरोबरच ठेवा.